काळ्या पट्टीवरचा बिरुदेव

मला 'मॅम' म्हणू नको, असं मी त्या पुण्याच्या पोरीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिवलीला म्हण, अक्का म्हण, नाहीतर अख्खं सोलापूर म्हणतं तसं पट्टीवाली म्हण. एकोणीस वर्षं झाली, बाराबंदी वाहिनीवर टीव्हीच्या तळाशी जी पट्टी येते ना, ती मी चालवते. बातम्या सांगणारे आले आणि गेले, कुणाचं नाव कुणाला आठवत नाही. पट्टी मात्र सगळे बघतात. यंत्रमागावरचा कामगार चहा पिताना बघतो, बायका ज्वारी निवडताना बघतात, ज्यांना अक्षर वाचता येत नाही ते सुद्धा बघतात.

आता तुम्ही म्हणाल, वाचता येत नाही तर बघतात काय? रंग बघतात की! काळी पट्टी म्हणजे माणूस गेलं. निळी म्हणजे नळाला पाणी येणार. लाल म्हणजे लाईट जाणार. हिरवी म्हणजे काहीतरी हरवलंय नाहीतर सापडलंय. आणि पिवळी, भंडाऱ्यासारखी पिवळीधमक, म्हणजे आनंदाची बातमी. हे आमच्या सिद्रामप्पा मालकांनी ठरवलं होतं. जत्रेत नंदीध्वजाच्या मानकऱ्यांच्या अंगावर जी पांढरी बाराबंदी असते, तिचंच नाव त्यांनी वाहिनीला दिलं. त्यांची आई निंगव्वा, तिला ना मराठी वाचता येत होतं ना कन्नड. मालक म्हणायचे, "शिवलीला, आपली पट्टी आमच्या अव्वाला कळली म्हणजे गावाला कळली." दोन वर्षांपूर्वी मालक गेले, तेव्हा त्यांची काळी पट्टी मीच टाकली. निंगव्वा त्याच्या आधीच गेली होती, हे बरं झालं.

मालकांचा मुलगा शिवू आता वाहिनी बघतो. चड्डीत होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. पोरगा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात ॲप शिरलं. "अक्का, लोक केबल तोडायला लागलेत. सगळे मोबाईलवर बघतात. आपण ॲपवर गेलो नाही तर दोन वर्षांत कुलूप लागतंय बघ." बरं, जाऊ या की ॲपवर, मी कुठं नको म्हणते? मी कंप्यूटर शिकले तेव्हा हा शिवू नाक पुसायला शिकत होता. पण ॲपवर जायचं म्हणजे वाहिनीचं रंगरूप बदलायचं म्हणे, आणि त्यासाठी पुण्याची कंपनी आणली. कंपनीनं पाठवली ही सृष्टी. पंचविशीतली, गोड बोलणारी, हातात कायम ती लांब पाण्याची बाटली.

तिनं भिंतीवर चित्रं दाखवली. बाराबंदीचं झालं 'बीबी प्लस'. मी म्हणलं, हे काय, टॉनिक आहे का? शिवू हसला नाही. मग पट्टी दाखवली. सगळ्या बातम्यांना एकच पट्टी, काळी कुळकुळीत, त्यावर पांढरी बारीक अक्षरं. ज्याची बातमी त्याचा गोल फोटो आणि फोटोभोवती केशरी कडं. आधी एक बातमी नऊ सेकंद थांबायची, आता चार. म्हणे प्रेक्षकाचं लक्ष तेवढंच टिकतं.

"काळी नको," मी म्हणलं. "आमच्याकडं काळी म्हणजे मयत. आणि काळ्यावर फोटो, फोटोला केशरी कडं? अगं, फोटोला झेंडूचा हार कधी घालतात हे पुण्यात माहीत नाही का?"

"मॅम, आम्ही ॲपवर सर्वे घेतला होता," ती म्हणाली. "दहातल्या नऊ लोकांनी काळा निवडलाय. तो प्रीमियम वाटतो."

आता ह्याला काय म्हणावं! ज्याला वाचता येत नाही त्यानं आपलं मत ॲपवरचे प्रश्न वाचून कळवायचं म्हणे. मी भांडले. टेबलावर हात आपटून भांडले. शेवटी शिवू कन्नडमध्ये करवादला, "अक्का, सुम्मन कूड!" गप बस म्हणाला मला. परक्या पोरीसमोर, बापाच्या काळापासून नोकरीत असलेल्या बाईला. मी गप बसले. पण आत जी धगधग सुरू झाली ती काही बसली नाही.

सोमवारी सकाळी नवं रूप सुरू झालं. पेढे वाटले. नऊ वाजता मैंदर्गीच्या एका आजोबांची पट्टी गेली, ती काळी, ठीक आहे, ते गेलेच होते. मग पाणी आलं तेही काळ्यावर. आणि मग माझ्यासमोर कुंभारी गावच्या पोरांनी दिलेली जाहिरात आली. 'बिरुदेव याची पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक मित्रपरिवार, अक्कलकोट रोड एमआयडीसी.' फोटोतला पोरगा कसा, नुकती मिशी फुटलेला, कॅमेऱ्याकडं छाती काढून बघणारा. मी तो गोलात बसवला. भोवती केशरी कडं आपोआप आलं. खाली काळं.

खरं सांगते, माझा हात थांबला होता. शिवूला हाक मारावी असं वाटलं. पण लगेच मनात आलं, मला गप बस म्हणलात ना? मग निस्तरा तुमचं तुम्ही. आणि रागारागात मी बटण दाबलं. दहा वाजता बिरुदेव टीव्हीवर गेला, आणि मग दर पंधरा मिनिटांनी जात राहिला.

अकराला फोन वाजला. मी उचलला.

"बाराबंदी का? मी मैंदर्गीवरनं धुळाप्पा बोलतोय. बिरुदेवचा मामा. आमी टेंपो करून निगालोय. मैताला किती वाजता यायचं तेवढं सांगा की. पट्टीवर वेळ दिसंना."

मी म्हणलं, "मामा, पोरगं जिवंत आहे. पोलिसात लागलंय. अभिनंदनाची पट्टी आहे ती!"

म्हातारा भडकला. "चेष्टा करता का वो? काळी पट्टी आमाला कळत न्हाय व्हय? तिकडं बहीण हंबरडा फोडतीया माजी!"

म्हणजे केराबाई. पोराची आई. मी मामाकडून पोराचा नंबर घेतला आणि लावला. बंद. पोरगा लातूरला मेडिकल तपासणीला गेला होता हे मागनं कळलं, तिथं मोबाईल बाहेर ठेवायला लावतात. त्याच्या आईला मेडिकल काय माहीत? भरतीत धावताना पोरं कोसळतात, जातात, एवढंच तिनं ऐकलेलं.

मी शिवूच्या केबिनमध्ये घुसले आणि सगळं एका दमात सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला काय, "अक्का, असं म्हणतात की मेल्याची खोटी बातमी आली तर आयुष्य वाढतं."

"तुझं वाढवू का?" मी म्हणलं.

"चिडू नको. आपण खुलासा टाकू. लगेच टाकू."

"कशावर टाकणार?"

खुलासा टाकायला पट्टी एकच होती आणि ती काळी होती. मी तिथंच ठरवलं. गाडीची किल्ली घेतली आणि त्या पोरीचा दंड धरला. "चल. बस मागं. तुझा प्रीमियम कसा दिसतो ते बघायला चल." शिवू अडवायला उठला, पण माझं तोंड बघून परत खाली बसला.

बाहेर ऊन असं की डोळे उघडवेनात. एमआयडीसी मागं पडली, कुंभारी आली. मी कुणाला घर विचारलं नाही, विचारावं लागलंच नाही. गावाच्या कडेला बायका जमल्या होत्या, मेंढरं वाड्यातच होती, कुणी चारायला सोडली नव्हती. आणि गल्लीत चिखल. मे महिन्यात, कुंभारीत, चिखल! माझ्या काही लक्षात येईना. मग दिसलं. केराबाईच्या दारात पिंप आडवं केलेलं, घागरी पालथ्या, हंडे पालथे. घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ओतून टाकतात. शेजारच्या दोन घरांतल्या भावकीनंही ओतलं होतं. पाच दिवसांनी येतं तिथं पाणी. मोटरला रांग लावून भरलेलं, पोरांना अंघोळीला तांब्या मोजून देऊन जपलेलं. सगळं रस्त्यावर.

सृष्टीनं विचारलं, "पाणी का सांडलंय?" मी सांगितलं. तिनं हातातली ती लांब बाटली ओढणीखाली घेतली.

केराबाई उंबऱ्याशी बसली होती. पन्नाशीची असेल, वाळलेली, उन्हात रापलेली. रडून रडून आवाज गेलेला. मी तिच्यापुढं बसले. म्हणलं, "मावशी, बिरुदेवला काही झालेलं नाही. नोकरी लागलीय त्याला. पट्टीवर तेच लिहिलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू कोण गं?"

"मी बाराबंदीची. पट्टीवाली."

"मग बाराबंदी काळी का दावतीया? माजं मालक ट्रकखाली गेलं, मेंढरं घिऊन सोरेगावच्या रोडला, तवा बी बाराबंदीनंच सांगितलं. पोलीस मागनं आलं. बाराबंदी कवा खोटं बोलत न्हाय." आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तूच घातलंस न्हवं ह्याला काळ्यावर? तुज्याच हातानं घातलंस न्हवं?"

एकोणीस वर्षं मी तिला शिकवलं की काळी पट्टी खोटं बोलत नाही. आणि माझा हात थांबला होता तरी मी बटण दाबलं होतं, शिवूचा राग काढायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणलं, "व्हय मावशी. मीच."

तेवढ्यात आत टीव्ही वाजला. शिवूनं खुलासा सोडला होता. तोच गोल फोटो, तेच केशरी कडं, तीच काळी पट्टी, फक्त अक्षरं वेगळी. बायकांनी एकदम आकांत केला. सृष्टी धावत टीव्हीपाशी गेली आणि मोठ्यानं वाचायला लागली, "बघा, इथं लिहिलंय, बिरुदेव सुखरूप आहेत, गैरसमज नसावा..." एक म्हातारी तिला म्हणाली, "तू काय बी वाच बाई. काळं हाय की." ज्या दोघी-तिघींना वाचता येत होतं त्यांनी सकाळीही वाचलं नव्हतं. काळ्यावर ओळखीचा चेहरा दिसल्यावर माणूस वाचत बसतं होय? हळहळतं. मी शिवूला फोन करून अशा शिव्या घातल्या की त्या इथं सांगता येत नाहीत. त्यानं खुलासा काढला आणि अभिनंदनही काढलं.

दीड वाजता पोराचा फोन लागला. मी केराबाईच्या कानाला लावला. पोरगा "आई, आई" करतोय आणि ही ऐकून माझ्याकडं बघतीये. "आवाज त्याचाच हाय," म्हणाली, "पण डोळ्यानं बघू दे." मग आम्ही तिथंच बसलो. मैंदर्गीचा टेंपो आला, धुळाप्पा मामा उतरला, टेंपोत पांढरं कापड, फुलं, सगळं आणलेलं. ते सामान त्यानं कुणाला दिसू नये म्हणून ताडपत्रीखाली सारलं आणि माझ्याकडं पाठ करून बसला. बरोबर होतं त्याचं. शिवूला सांगून मी पाण्याचा टँकर मागवला. तो मात्र त्यानं मुकाट्यानं पाठवला.

पाचला बिरुदेव आला. लातूरहून एसटीत उभ्यानं आलेला, घामानं थबथबलेला. केराबाई उठली, त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, एक थोबाडीत मारली आणि मग त्याला कवटाळून अशी रडली की मामाही भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, सुटलो. म्हणलं, "मावशी, पोरगं सकाळपासून उपाशी असेल. चहा तरी टाका."

"चूल न्हाय पेटायची," ती म्हणाली.

"का आता?"

"त्याला मेला म्हणून सांगितलंय. साऱ्या मुलकात सांगितलंय. ज्यानं सांगितलं त्यानं माघारी घेतल्याबिगर मी चूल पेटवली तर ते खरं व्हईल." आणि माझ्याकडं बोट करून, "तू घातलंस, तूच काड. पिवळी लाव. पिवळी दिसली की पेटवते. तवर मी बी न्हाय खायाची आणि ह्यो बी न्हाय."

बिरुदेव म्हणाला, "आई, येड्यागत काय..." पण तिचं तोंड बघून तो तिथंच खाली बसला. मला ते वेड वाटलं नाही. मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलं. आम्ही दोघी उठलो आणि गाडीवर बसलो. येताना नाक्याजवळ सृष्टी मागनं म्हणाली, "अक्का, हळू चालवा." पहिल्यांदा अक्का म्हणाली.

ऑफिसात शिवू दारातच. "अक्का, पिवळी लावता येत नाही. कंपनीनं रंग बंद केलेत. करार आहे. वाहिनीचं रूप एकसारखं राहायला पाहिजे, नाहीतर ॲपवर..."

"ॲपवर केराबाई आहे का?" मी म्हणलं. "तिथं एक बाई चूल विझवून बसलीय, आणि तुझं रूप बिघडतंय होय रे? तुझ्या आजीसाठी तुझ्या बापानं हे रंग लावले. तू एका सकाळीत पुसलेस. लाज वाटत नाही?"

सृष्टी न विचारता कंप्यूटरसमोर बसली आणि तिनं पासवर्ड टाकून रंगांचं कुलूप उघडलं. शिवूनं काही म्हणायच्या आत उघडलं. सात रंग निघाले. काळा, राखाडी, आणखी एक राखाडी, असलेच. एक जरा पिवळटसर होता, त्याला 'वाळू' म्हणतात म्हणे. तो तिनं लावून दाखवला. मळकट, आजारी माणसाच्या तोंडासारखा.

"ही वाळू आहे," मी म्हणलं. "भंडारा नाही."

"सिस्टीममध्ये बाहेरचा रंग घेतच नाही, अक्का," ती रडकुंडीला आली.

मग मी कोपऱ्यातला जुना कंप्यूटर बघितला. मालकांच्या वेळचा. भंगारात घालायचा म्हणून चादर टाकून ठेवलेला. मी चादर ओढली, वायर खोचली. त्याला सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, शिवूला ते माहीत आहे, लहानपणी त्यावर गेम खेळायचा. तो उभा राहून बघत होता. माझी भीती एकच होती, की हा मधेच येऊन वायर उपटेल. त्यानं वायर उपटली नाही. जवळ आला, खाली वाकला आणि टीव्हीकडं जाणारी केबल नव्या मशीनमधून काढून जुन्यात लावली. म्हणाला, "उद्या पुण्याहून फोन येणार." मी म्हणलं, "माझ्याकडं दे."

सात वाजता पट्टी गेली. पिवळीधमक. गोल नाही, केशरी कडं नाही, चौकोनी फोटो आणि जाडजूड अक्षरं. 'कुंभारीचा बिरुदेव पोलीस झाला. आई केराबाई यांचं अभिनंदन.' चार सेकंद नाही, नऊ नाही. पंधरा मिनिटं मी ती हलवलीच नाही. बातम्या सुरू झाल्या, निवेदकाच्या छातीपर्यंत पिवळं, राहू दे म्हणलं.

फोन वाजला. मला वाटलं पुण्याचा.

"पट्टीवाली का?" बसलेला आवाज. मागं पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज. "पेटली गं चूल. पिटलं टाकलंय. ह्यो दुसरी भाकर खातोय."

मी खुर्चीत बसले. म्हणलं, "मावशी, चुकलं माझं. लई चुकलं."

"व्हय, चुकलंच की," ती म्हणाली. मला वाटलं होतं, जाऊ दे म्हणेल. तिनं म्हणलं नाही. वर म्हणाली, "आयक. मी मेले की मला लाव काळ्यावर. झोकात लाव, माजा फोटू बी हाय पोराकडं. पर मी मरेपत्तूर काळी उगं कुणाला दावू नगंस. तुज्या हातात हाय ते."

मी व्हय म्हणलं. फोन ठेवला आणि त्या जुन्या मशीनवर एक-एक रंग परत लावायला घेतला, निळा, लाल, हिरवा. काळा सगळ्यात शेवटी लावला.